कोणते पाटील?

माझं आणि तिचं आडनाव एकच, पाटील. बंगळुरूच्या ऑफिसात सुरुवातीला लोक आम्हाला बहीणभाऊ समजायचे. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हा वाद तुमच्यात कधी होणारच नाही, अशी मित्रांची थट्टा अजून चालू असते. पण आमच्या भागाकडचं कुणी भेटलं की दोन मिनिटांत ठरलेला प्रश्न येतो, "कोणते पाटील?" लातूर, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, मुसलमानही असतो. नुसत्या आडनावावरून काही कळत नाही, म्हणून विचारावं लागतं. मी निलंगा तालुक्यातला मराठा. ती बसवकल्याण तालुक्यातल्या एका खेड्यातली लिंगायत, घरी कन्नड बोलणारी.

गेल्या गणपतीत आपल्या मंडळातल्या कॉलेजच्या मुली कोरियन मालिकांवर तावातावाने बोलत होत्या. वडीलधाऱ्यांकडून पेला घेताना दोन्ही हात पुढे करायचे, वयाने मोठ्या मुलाला मुलीने 'ओप्पा' म्हणायचं, सगळं तोंडपाठ. एकीने तर कोरियन मुलाशी जमलंच तर त्याच्या घरी काय काय सांभाळावं लागेल याची यादीच म्हणून दाखवली. मला मजा वाटली, कारण सोल शहरातल्या घराची एवढी माहिती असलेल्या त्या घोळक्यात, शेजारच्या तालुक्यातल्या कन्नड घरात सासूला काय म्हणतात हे एकीलाही माहीत नव्हतं. तेव्हा म्हटलं, आपण आपल्या कोरियाबद्दल लिहावं. तो निलंग्याहून कासारशिरशीमार्गे गाडीने दीड-दोन तासांवर आहे.

आधी थोडा नकाशा. निजामाच्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षं निलंगा बिदर जिल्ह्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बिदरचे तुकडे तीन राज्यांत गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्याकडे आले, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले, जहिराबादचा भाग आंध्रात गेला. आम्ही मग उस्मानाबाद जिल्ह्यात होतो आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरचे झालो. घरात ट्रंकेच्या तळाशी जमिनीचे जुने कागद आहेत, त्यांवर जिल्हा बिदरच लिहिलेला आहे. म्हणजे माझे आजोबा आणि तिचे आज्जा तरुणपणी एकाच जिल्ह्याचे रहिवासी होते. 'परराज्यातली मुलगी' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, तेव्हा मी तो कागद दाखवला होता. फारसा उपयोग झाला नाही, पण आजोबा हसले.

आमचं जमलं ते खरं तर एका समान दुःखावरून. बिदरकडची कन्नड म्हैसूर-बंगळुरूच्या लोकांना गावठी वाटते. तिच्या बोलण्यात उर्दू आणि मराठी शब्द इतके, की टीममधली एक मुलगी तिला विचारायची, "ही नक्की कन्नडच आहे ना?" माझी मराठवाडी मराठी पुण्यात शिकताना अशीच चेष्टेचा विषय होती. कँटीनमध्ये आम्ही दोघं तिसऱ्याच भाषेत बोलू लागलो. ती दख्खनी. त्या भागातल्या बाजारात सगळेच ती बोलतात. 'नक्को' म्हणणारी आणि शब्दाला शेवटी 'च' लावणारी ही भाषा उर्दूच्या कुळातली, पण हे दोन्ही तिने मराठीकडून उचललेले.

पहिली गोष्ट सांगतो ती 'री'ची. उत्तर कर्नाटकात आदर दाखवायचा तर वाक्याच्या शेपटाला 'री' लावतात. "ऊट आय्तेन्री?" म्हणजे जेवण झालं का हो? हा प्रश्न सकाळी, दुपारी, रात्री, फोनवर, कधीही येतो. त्याचं उत्तर फक्त "आय्तरी" एवढंच नसतं, काय जेवलात तेही सांगायचं असतं. घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत, "बर्तीन्री" म्हणतात, म्हणजे "येतो हं". हे आपल्याला शिकवावं लागत नाही, आपलीही तीच रीत. नवऱ्याला हाक मारायची तर जुन्या वळणाच्या बायका नुसतं "री" म्हणतात. आपलं "अहो" आणि त्यांचं "री" ही सख्खी भावंडं आहेत. (लग्नानंतर मला "री" म्हणणार का, असं विचारून पाहिलं. उत्तर छापण्यासारखं नाही.)

नात्यांचे शब्द मात्र लक्ष देऊन शिकावेत. अक्का, अण्णा, अप्पा हे आपण रोज वापरतो आणि आपलेच समजतो, पण ते तिकडूनच आलेले. मोठ्या काकांना 'दोड्डप्पा', धाकट्यांना 'चिक्कप्पा', आईला 'अव्वा'. 'अत्ती' हा शब्द आत्याला, मामीला आणि सासूला एकच. 'माव' म्हणजे मामा, आत्याचे यजमान आणि सासरे. मला आधी हे गोंधळाचं वाटलं. मग आईने आठवण करून दिली की तिची सासू, म्हणजे माझी आजी, आपल्या सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची. म्हणजे हिशेब तोच. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी द्यायची पद्धत असली, की सासूसासरे आधीपासूनच आत्या आणि मामा असतात. शब्दांनी ते जपून ठेवलं.

इथेच पहिला धक्का बसला, आणि तो माझ्या आईला. तिच्या आत्याने स्वतःच्या सख्ख्या मामाशी लग्न केलेलं आहे. त्या भागात आणि तिथून खाली पार दक्षिणेपर्यंत यात कुणाला काही वाटत नाही, उलट मुलगी घरातच राहिली असं समाधान असतं. आईने कानांना हात लावले. "मामा म्हणजे बापाच्या जागी!" आता, माझी आई ही माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "ते वेगळं."

ते वेगळं कसं, हे शोधायला गेलात तर बसवकल्याणलाच पोचाल. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उमरगा मागे पडलं, की सीमा लागते आणि थोड्या वेळात बसवकल्याणचा फाटा येतो. आज तालुक्याचं, धुळीचं, हॉर्नच्या आवाजाचं गाव, बसवेश्वरांच्या १०८ फुटी पुतळ्यामुळे ओळखलं जाणारं. पण हे कल्याणीच्या चालुक्यांचं कल्याण. अकराव्या शतकात राजधानी मळखेडहून इथे आली. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरची त्याची 'मिताक्षरा' ही टीका पुढे इंग्रजांच्या कोर्टापासून आजच्या वाटणीच्या दाव्यापर्यंत हिंदू कायद्याचा पाया होऊन बसली. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतः हक्क असतो, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं, ते या पुस्तकातून. त्यातच सपिंड कोणाला म्हणायचं तेही आहे. वडिलांकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच पिढ्यांत लग्न नको. त्या मापाने आमची दोन्ही घरं गुन्हेगार. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हे अंतर पाच आणि तीन केलं, आणि रूढी असेल तर त्यालाही सूट ठेवली. ती सूट नसती तर मराठवाड्यातली आणि कर्नाटकातली किती लग्नं रद्द ठरली असती, देव जाणे.

विज्ञानेश्वरानंतर साधारण साठ-सत्तर वर्षांनी, याच गावात दुसरी गोष्ट घडली. राज्य कलचुरी बिज्जळाकडे गेलं होतं. हे कलचुरी मूळ आपल्या मंगळवेढ्याचे. बसवण्णाही आधी मंगळवेढ्याला कारकुनी करून मग कल्याणला आले आणि राजाचे भांडारी झाले. त्यांच्याभोवती शरण जमले. धोबी, नावाडी, विणकर, ब्राह्मण, बायका, सगळे एका मंडपात बसून बोलायचे आणि साध्या कन्नडमध्ये वचनं रचायचे. त्या शरणांत हरळय्या होता, जातीने चर्मकार, आणि मधुवरस होता, जातीने ब्राह्मण, राजाचा अधिकारी. मधुवरसाची मुलगी हरळय्याच्या मुलाला दिली गेली. परंपरा सांगते की राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. ११६७ च्या सुमाराची ही घटना. मग कल्याणमध्ये दंगा उसळला, बिज्जळाचा खून झाला, शरण वाट फुटेल तिकडे पांगले, बसवण्णा कूडलसंगमला गेले. गिरीश कार्नाडांचं 'तलेदंड' हे नाटक यावरच आहे, १९९० चं.

या कथेतली एक गोष्ट मला तिने दाखवली, तोवर माझ्या लक्षात आली नव्हती. शरणांच्या दृष्टीने ते आंतरजातीय लग्न नव्हतंच. दोघांच्याही गळ्यात इष्टलिंग, मग जात उरली कुठे? जात दिसली ती राजवाड्याला.

गावात त्रिपुरांत तळ्याच्या बाजूला शरणांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुहा आहेत, त्यांना तिथे 'गवी' म्हणतात. आत थंडगार, बाहेर कडक ऊन. नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली. पर्यटक म्हणून गेलात तर किल्लाही बघा, पण वेळ थोडा असेल तर गवीत दहा मिनिटं गप्प बसणं जास्त मोलाचं, असं माझं मत.

आता घरचं सांगतो. दोन्ही घरं एकत्र आणायची तर कुठे, यावर आमचं बरंच डोकं चाललं. हॉटेल नको, कारण हॉटेलात पाहणं होतं, ओळख होत नाही. शेवटी येळवस निवडली. मार्गशीर्ष अमावस्या. लातूर-उस्मानाबादकडच्या वाचकांना काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. या दिवशी आमच्याकडे गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. सण मूळचा कर्नाटकातला, तिकडे 'एळ्ळ अमावस्या'. आपण 'वेळ अमावस्या' असं त्याचं मराठी करून टाकलं, वेळेशी त्याचा काही संबंध नाही. नैवेद्य शिवारभर शिंपडतात त्याला आम्ही 'चर शिंपणं' म्हणतो, ते 'चरग' म्हणतात. त्या वेळी आमचे लोक जे ओरडतात, त्याचा अर्थ आमच्या गावात कुणालाच सांगता येत नाही, कारण ते झिजलेलं कन्नड आहे.

आम्ही सात जण त्यांच्या शेतावर गेलो. कासारशिरशी सोडल्यावर सीमा कधी ओलांडली ते पाट्यांवरची लिपी बदलली म्हणून कळलं. रान तेच, काळं. ज्वारी कमरेच्या वर आलेली, तुरी वाळायला लागलेल्या, मधूनच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. आईने ठेवणीतली इरकल नेसली होती. तिच्या अव्वाने पदराला हात लावून "इळकल!" म्हटलं आणि दोघी तिथेच रमल्या, कारण ते लुगडं इळकलचंच, बागलकोट जिल्ह्यातलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठमोळं म्हणून मिरवतो. खणाचं कापडही तिकडच्याच गुळेदगुड्डचं.

जेवणाबद्दल काय अपेक्षा ठेवावी? भाकरी कडक असेल, पापडासारखी मोडणारी. ती महिनाभर टिकते आणि तिचा चुरा वरणात कालवून खातात. पुंडी पल्ले म्हणून जे वाढतील ती आपली अंबाडीची भाजी. भरल्या वांग्याला शेंगदाण्याचा, तिळाचा कूट आणि तेल सढळ. शेंगा होळगी मिळाली तर पुरणपोळीला विसराल. मटण नाही, अंडं नाही, विषयसुद्धा नाही. आणि "पुरे" म्हटलं की थांबतील अशी आशा ठेवू नका. "स्वल्प, स्वल्प" म्हणत दोन पळ्या पडतात. 'स्वल्प' म्हणजे थोडं.

जेवणं झाल्यावर बाभळीखाली तिचे आज्जा आणि माझे आजोबा शेजारी बसले. दोघंही नव्वदीला टेकलेले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला कन्नड. मी भाषांतराला पुढे सरकलो, तर दोघं अस्खलित उर्दूत सुरू झाले. दोघांची शाळा निजामाच्या अमदानीतली, उर्दूतली. रझाकार, पोलीस ॲक्शन, त्या वर्षीचा पाऊस, बैलांच्या किमती. दीड तास आम्हाला कुणी विचारलं नाही. आजोबांना इतकं बोलताना मी आजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

एवढं सगळं सारखं असताना अडचण कुठे, असं तुम्ही विचाराल. दोन्ही घरांत कारण एकच दिलं गेलं, भाषा. "उद्या पोरं कोणती भाषा बोलणार?" "सून आल्या-गेल्याशी काय बोलणार?" ऐकायला रास्त वाटतं. पण माझी सख्खी आत्या भालकीला दिलेली आहे, मराठ्यांच्याच घरात. तिची मुलं कन्नड शाळेत शिकली, आपसात कन्नड बोलतात, आणि त्यावर आमच्या घरात आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. तिच्या घरातली चिक्कव्वा लातूरची आहे, मराठी बोलणाऱ्या लिंगायतांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडचा गंध नव्हता. तेव्हाही कुणाला भाषा आठवली नाही. म्हणजे भाषा बदलली तर चालते, जात तीच असावी. हे आम्ही दोघांनी आपापल्या घरी, एकाच रविवारी, फोन न करता समोर बसून बोललो. माझे वडील बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग असं सरळ बोला ना." त्यानंतरचं बोलणं जास्त कडू झालं, पण खरं झालं. तुमच्यापैकी कुणाचं असं काही असेल तर माझा सल्ला हाच. भाषेवर वाद घालत बसू नका, तो वाद जिंकूनही काही मिळत नाही. ज्यावर बोलायचं टाळलं जातंय त्यावर या. आणि लिंगायत म्हणजे जात संपली असंही समजू नका. पंचमसाली, बणजिगा, जंगम हे प्रश्न तिकडेही तितक्याच बारकाईने विचारले जातात, बसवण्णांचा फोटो भिंतीवर असलेल्या खोलीतच.

धर्माचं थोडं समजून घ्यावं लागतं. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा होते, त्या वेळी मधे बोलू नये. नमस्काराला "शरणु शरणार्थी". माणूस गेला की दहन नाही, दफन. हे मी आधी सांगून ठेवल्यामुळे आईला पुढे धक्का बसला नाही. उलट तिने विचारलं की आमच्या गावातले लिंगायतही तसंच करतात की. करतात. मन्मथस्वामींचं कपिलधार बीड जिल्ह्यातच आहे, आणि त्यांनी लिहिलं ते मराठीत. शेजारचं माहीत असतं, फक्त ते घरात येईल असं वाटलेलं नसतं.

आईला मोठा आधार मिळाला तो मात्र हुमनाबादला. परतीच्या वाटेवर माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दर्शनाला थांबलो. प्रभूंचा जन्म १८१७ चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. त्यांची पदं मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदीतही आहेत, आणि कुठलंही मत परकं मानायचं नाही म्हणून त्यांच्या संप्रदायाचं नावच सकलमत. आई दत्तभक्त. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर, तिथे ती दर दोन वर्षांनी जाते. तिथले पुजारी घरात कन्नड बोलतात हे तिला माहीत होतं, पण ज्या गुरुचरित्राचं ती पारायण करते, त्याच्या कर्त्याने, सरस्वती गंगाधरांनी, आपल्याला मराठी येत नाही असं ग्रंथातच म्हटलंय, यावर तिने कधी विचार केला नव्हता. माणिकनगरच्या ओट्यावर बसून तिने तो केला. मग म्हणाली, "तिला म्हणावं, मराठी हळूहळू शिक. घाई नाही."

कायद्याचं विचाराल तर आम्हाला स्पेशल मॅरेज ॲक्टची तीस दिवसांची नोटीस लागणार नाही. हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्याच कलमात वीरशैव आणि लिंगायत ही नावं घालून ठेवली आहेत. अक्षता जंगमांच्या हातून, मंगलाष्टकं आमच्या भटजींची, असं ठरलंय. दोन दिवस मटण नाही यावरून माझे मामा रुसले आहेत, त्यांची समजूत निलंग्यात तिसऱ्या दिवशी काढू. अहेराला बिदरी कामाची डबी द्यायची असं तिने ठरवलंय. जस्ताची घडण, चांदीची नक्षी आणि तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने येतो. बिदरला गेलात तर महमूद गवानचा मदरसा पाहून झाल्यावर कारागिरांच्या गल्लीत जा आणि माती जिभेला लावून पारखणारा कारागीर भेटतो का बघा.

तिच्या दोड्डप्पांचा होकार अजून आलेला नाही. येळवसीला ते शेतात आले नव्हते. फेब्रुवारीत मात्र त्यांच्या ट्रॅक्टरमधून तुरीचं एक पोतं आमच्या दारात उतरलं, चिठ्ठी नाही, फोन नाही. वडिलांनी पैसे पाठवले ते परत आले. आईने तूर भरडायला दिली आहे.